विराटाच्या घरची नोकरी



आजचं वाचन : महाभारत, विराटपर्व, सुरुवातीचे अध्याय. सोबत गीता, अध्याय १८, श्लोक ४६.

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असतो, पण देवासमोर बसताना आपण तो चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. शिक्षण मोठं आणि काम लहान, हा तो विषय. एम.टेक. झालेली मुलगी दिवसभर एक्सेलच्या रकान्यांत तारखा बदलत बसते. संस्कृत घेऊन एम.ए. केलेला मुलगा रात्रपाळीत क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकतो. पीएच.डी. झालेले सर क्लासमध्ये आठवीचं बीजगणित शिकवतात. घरून फोन येतो, 'कसं चाललंय रे?' उत्तर ठरलेलं, 'मस्त.' मग झोपण्याआधी लिंक्डइन उघडायचं, बॅचमधल्या कुणाचं तरी प्रमोशन बघायचं आणि कूस बदलत राहायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. २०१५ साली उत्तर प्रदेशात सचिवालयातल्या शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. पात्रता काय, तर पाचवी पास आणि सायकल चालवता यावी. अर्ज आले सुमारे २३ लाख, आणि त्यांत २५५ जण पीएच.डी. झालेले होते. आपल्या मुंबईत २०१८ साली पोलीस शिपायांच्या ११३७ जागांसाठी सुमारे २ लाख अर्ज आले. बारावी पास पुरेसं होतं, पण अर्ज करणाऱ्यांत इंजिनिअर होते, एमबीए झालेले होते. तेव्हा शिकूनही लहान काम करावं लागतंय म्हणजे आपल्यात काही खोट आहे, किंवा देव आपल्यावर रुसलाय, असा अर्थ काढू नका. जागा थोड्या आणि शिकलेले भरपूर, असं हे गणित आहे. सगळंच प्रारब्धाच्या खात्यात टाकायचं नसतं.

पण आकडे कळले म्हणून सकाळी नऊ वाजता त्याच खुर्चीत बसताना होणारा त्रास कमी होत नाही. 'मी यापेक्षा बरंच काही करू शकतो' हे आतलं वाक्य काही गप्प बसत नाही. त्या वाक्याचं काय करायचं, एवढाच आज आपला प्रश्न आहे. आणि गंमत म्हणजे महाभारतात या प्रश्नावर जवळजवळ एक अख्खं पर्व आहे.

सहा जणांची मुलाखत

वनवासाची १२ वर्षं संपली. आता तेरावं वर्ष अज्ञातवासाचं. त्यात ओळख पटली, तर पुन्हा १२ वर्षं वनवास. पांडव ठरवतात की मत्स्य देशाच्या विराट राजाकडे नोकरी धरायची. मग बसून कोणी काय काम मागायचं याची चर्चा होते. युधिष्ठिर कंक नावाने राजाशी द्यूत खेळणारा सोबती होणार. भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच-गाणं शिकवणार. नकुल घोडे सांभाळणार, सहदेव गाई. आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करणार. ज्यांनी राजसूय यज्ञ केला, ज्यांच्यापुढे राजे रांगेने नजराणे घेऊन उभे होते, ते हे सहा जण.

आता ते एकेक करून दरबारात जातात तो भाग वाचा. भीम म्हणतो, मी स्वयंपाकी आहे. विराट त्याच्याकडे बघतो आणि त्याचा विश्वासच बसत नाही. राजाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, हे काम तुझ्या तोलाचं मला वाटत नाही, तू तर पृथ्वीचं राज्य करावंस असा दिसतोस. अर्जुनाला बघून त्याला धनुर्धर आठवतो. सुदेष्णेला सैरंध्री दासी वाटतच नाही. आपण ज्याला 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणतो, तो शेरा या घरात लागोपाठ सगळ्यांना मिळाला आहे!

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, व्यासांनी ही तफावत झाकलेली नाही. 'काम लहान-मोठं नसतं हो' असं म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. काम त्यांच्या मानाने लहानच होतं, आणि ते समोरच्यालाही दिसत होतं. दोन, प्रत्येकाने निवडलेलं काम अगदी परकं नव्हतं. भीमाला खाण्याची आवड, नकुलाला घोड्यांची जाण, सहदेवाला गाईंची. अर्जुन स्वर्गात इंद्राकडे राहिला तेव्हा चित्रसेन गंधर्वाकडून नृत्य-गायन शिकला होता. अस्त्रं मिळवायला गेलेल्या माणसाला तेव्हा ते जादाचंच वाटलं असेल. वर्षभर अन्न मिळवून दिलं ते त्याच विद्येने.

निघण्याआधी धौम्यांनी काय सांगितलं

नोकरीला जाण्याआधी पुरोहित धौम्य ऋषी पांडवांना बसवून राजाच्या घरी कसं राहायचं ते शिकवतात. दुसऱ्याच्या आसनावर बसू नये, विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, आतल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत. ऑफिसात पहिल्या दिवशी मोठ्या भावाने सांगावं, तसं हे सगळं. त्यातच ते असंही सुचवतात की मी शूर आहे, मी बुद्धिमान आहे, या तोऱ्यात तिथे वावरू नका.

ऐकणारे कोण, तर खरोखरच शूर आणि खरोखरच बुद्धिमान. धौम्य त्यांना 'तुम्ही शूर नाही' असं समजायला सांगत नाहीत. तोरा सोडायला सांगतात. आपल्याला हा फरक फार उपयोगाचा आहे. कारण अंगातली जादा विद्या कामाला लागली नाही की हळूहळू तिचा तिरस्कार होतो, आणि तो तिरस्कार कंपनीच्या मालकापर्यंत कधीच पोचत नाही. तो पोचतो शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, पंधरा वर्षं तेच काम करणाऱ्या काकांपर्यंत. फोनवर दोनदा तोच प्रश्न विचारणाऱ्या आजींपर्यंत. 'हे काय माझं काम आहे का?' हे आपण मनात म्हणतो, पण आवाजात ते ऐकू येतं. आणि ज्यांचं ते काम आहे, ज्यांचं घर त्याच कामावर चालतं, त्यांना ते लागतं.

भक्ताने आधी इथे सावध व्हायचं. करिअरची काळजी नंतर.

चंदन उगाळणारे हात

आता आपल्या प्रवचनांत सहसा न येणारा भाग. कीचक, म्हणजे राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती, द्रौपदीच्या मागे लागतो, भर दरबारात तिला लाथ मारतो. त्या रात्री ती मुदपाकखान्यात भीमाकडे जाते आणि मनातलं सगळं बोलते. तिचं दुःख नुसतं कीचकापुरतं नाही. गाईंमागे फिरणारा सहदेव, मुलींच्या घोळक्यात बांगड्या घालून वावरणारा अर्जुन, दुसऱ्याच्या द्यूतात सोंगट्या टाकणारा युधिष्ठिर, हे रोज डोळ्यांनी बघणं तिला सहन होत नाही. मग ती स्वतःचे हात पुढे करते. राजवाड्यासाठी चंदन उगाळून उगाळून त्यांना घट्टे पडलेत. उटी नीट झाली की नाही, राजा काय म्हणेल, याची धाकधूक घेऊन ती उभी असते. भीम ते हात आपल्या तोंडाशी धरतो आणि रडतो.

मंडळी, हा प्रसंग मनात ठेवा. 'देवाने जे दिलं त्यात समाधान मानावं' असं पटकन बोलणारे आपण, इथे व्यास काय करतात ते बघा. ते द्रौपदीला समाधानाचा उपदेश करत नाहीत. तिला पूर्ण बोलू देतात. अध्यायामागून अध्याय ती बोलते. भक्ती म्हणजे दुखत असताना 'मस्त' म्हणणं, असं आपल्या ग्रंथात कुठेही नाही. आपल्या माणसाला हात दाखवायची परवानगी आहे.

आणि याच द्रौपदीने नोकरीच्या पहिल्याच दिवशी अट घातली होती. मी कुणाचं उष्टं खाणार नाही आणि कुणाचे पाय धुणार नाही. राणीने ती मान्य केली. काम हलकं घेतलं, पण मान हलका करून घेतला नाही. नम्रता आणि मुकाट्याने सोसणं यांत गोंधळ होतो तेव्हा सैरंध्रीची ही अट आठवावी. पदापेक्षा लहान काम करणं वेगळं. अपमान, छळ, वाईट नजर सहन करणं वेगळं. दुसऱ्याला 'स्वधर्म' असं नाव देऊ नका.

आता श्लोक

गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ४६व्या श्लोकाचा आशय असा : ज्याच्यापासून सगळे प्राणी निघाले, ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची आपल्या कर्माने पूजा करून माणूस सिद्धीला पोचतो.

शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानोबा माउलींनी यावर सांगताना आपल्या कर्मालाच फुलांची उपमा दिली. देव्हाऱ्यात झेंडू वाहतो तसं हातातलं काम वाहायचं. ही कल्पना इतकी गोड आहे की आपण ती स्टेटसला टाकतो आणि पुढे जातो. जरा थांबू या, कारण या श्लोकाचा गैरवापरही भरपूर झालाय. आधीचे श्लोक चार वर्णांच्या कर्मांबद्दल आहेत, आणि शतकानुशतकं त्यांच्या आधाराने 'तू तुझ्या जागी राहा' असं माणसांना सांगितलं गेलं. चोखोबांसारखा संत देवळाच्या बाहेरच राहिला. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार हरिजन बांधवांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. तेव्हा 'मिळालेल्या जागी गप्प राहा' हा या श्लोकाचा अर्थ मी तुम्हाला सांगणार नाही.

श्लोकात पूजा कुणाची, ते परत वाचा. ज्याने सगळं व्यापलंय त्याची. मॅनेजरची नाही, पदाची नाही, कंपनीची तर नाहीच. म्हणजे एक्सेलच्या त्या रकान्यात तुम्ही जी तारीख भरता, तिच्या पलीकडे कुणीतरी माणूस आहे. त्या तारखेवर त्याचा पगार, पेन्शन, औषध किंवा पार्सल अवलंबून आहे. सर्वव्यापी देव तिथे बसलाय. तुमच्या डिग्रीला साजेसं काम आहे की नाही, हा प्रश्न तुमच्यापुरता खरा आहे. पलीकडच्या माणसाला मात्र त्याची तारीख बरोबर हवी आहे. आठवीतल्या ज्या मुलीला 'क्ष' म्हणजे काय हेच कळत नाही, तिच्यासाठी सरांची पीएच.डी. म्हणजे तो 'क्ष' नीट समजावून सांगणं.

आणखी एक बघा. हा श्लोक सांगणारा त्या क्षणी काय करत होता? घोड्यांचे लगाम धरून सारथ्याच्या जागेवर बसला होता. ऐकणारा कोण, तर वर्षभर नाच शिकवून आलेला. गीतेत कर्माबद्दल बोलणं चाललंय ते अशा दोघांमध्ये. म्हणून मला ते उपदेशासारखं कमी आणि अनुभवासारखं जास्त वाटतं.

बाहुल्यांचे कपडे

अज्ञातवासाच्या शेवटी कौरव विराटाच्या गाई पळवतात. राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला. राजपुत्र उत्तर फुशारक्या मारतो, सारथी मिळाला असता तर दाखवलं असतं म्हणतो. बृहन्नडेला सारथी करतात. निघताना राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी आपल्या गुरूला सांगतात, कौरवांना जिंकलंत की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची छान रंगीत वस्त्रं घेऊन या.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. समोरचं सैन्य बघून उत्तर रथातून उडी मारून पळतो, अर्जुन त्याला पकडून आणतो, त्याच्याकडून शमीवरून गांडीव काढून घेतो आणि भीष्म, द्रोण, कर्ण, अश्वत्थामा, दुर्योधन सगळ्यांसमोर एकटा उभा राहतो. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं सामर्थ्य एका दिवसात बाहेर येतं. शेवटी संमोहनाने भीष्मांखेरीज सगळे बेशुद्ध पडतात.

आणि त्या क्षणी अर्जुनाला आठवण होते ती बाहुल्यांची. तो उत्तराला रथातून उतरून त्या वीरांची वस्त्रं काढून आणायला सांगतो. घरी परतल्यावर बृहन्नडा ती वस्त्रं राजकन्येला स्वतः नेऊन देते.

विचार करा. आता तो पुन्हा अर्जुन झाला होता. नृत्यशिक्षकाची नोकरी जवळजवळ संपली होती. शाळेतल्या पोरींनी हसत हसत मागितलेली गोष्ट विसरला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्या वर्षभरात त्याने वर्ग 'उरकला' नव्हता. त्या मुली त्याला खरोखर आपल्या वाटत होत्या. पुढे विराट आनंदाने उत्तरेचा हात अर्जुनाला देऊ करतो. अर्जुन म्हणतो, मी तिचा गुरू होतो, मुलीसारखी सांभाळली तिला, सून म्हणून स्वीकारीन. उत्तरा अभिमन्यूची पत्नी होते. तिचा मुलगा परीक्षित, आणि त्याच परीक्षिताला शुकाचार्यांनी सात दिवसांत भागवत सांगितलं. आज आपण सप्ताहाला बसतो, त्याचा एक धागा त्या नृत्यशाळेतून आलाय.

प्रत्येक लहान कामातून असं काही मोठं निघेल, असं मी म्हणत नाही. अर्जुनालाही ते तेव्हा माहीत नव्हतं. त्याने फक्त समोरच्या विद्यार्थिनीला पूर्ण शिकवलं.

शमीवरचं धनुष्य

मग उरलेल्या विद्येचं काय? नगरात शिरण्याआधी पांडवांनी शस्त्रं स्मशानाजवळच्या शमीवर ठेवली, ते कसं ठेवलं बघा. धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या, म्हणजे ताण राहणार नाही. नकुल झाडावर चढला आणि पावसाचा मारा लागणार नाही अशी जागा शोधून ती घट्ट बांधली. शस्त्रं फेकून दिली नाहीत, दरबारातही नेली नाहीत. उतरवलेली दोरी आणि कोरडी जागा, या दोन्ही गोष्टी आपल्यासाठी आहेत. रोज ऑफिसात ताणलेली दोरी घेऊन फिरलात तर धनुष्यही वाकतं आणि माणूसही. आणि पावसात सोडून दिलंत, आठवडेच्या आठवडे आपल्या विषयाचं एक पानही उघडलं नाही, तर मुदत संपेल त्या दिवशी हाती काही लागणार नाही.

मुदत हा शब्दही महत्त्वाचा. अज्ञातवास एक वर्षाचा होता. युद्धाच्या वेळी भीष्मांनी स्वतः हिशोब करून सांगितलं की काळ पूर्ण झालाय. पांडव त्यानंतर विराटाकडे चाकरी करत राहिले नाहीत. आपण दसऱ्याला शमीची पूजा करतो, गावाची वेस ओलांडतो, त्याला सीमोल्लंघन म्हणतो. नोकरी बदलणं, पुन्हा परीक्षा देणं, वेगळ्या शहरात जाणं, हेही सीमोल्लंघन होऊ शकतं. तसं करणारा भक्तीत कमी पडला, असं समजू नका. घरच्या जबाबदारीमुळे ज्याला अजून थांबावं लागतंय, त्यानेही मन खाऊ नये. त्याचं तेरावं वर्ष थोडं लांबलंय, इतकंच.

आजचा अभ्यास

१. आज हातातलं एक कंटाळवाणं काम निवडा. ते शेवटी कुणापर्यंत पोचतं, हे शोधा. काम सुरू करताना त्या माणसाला मनात नमस्कार करा आणि मग नाम घ्या.

२. ऑफिसात जे तुमच्यापेक्षा कमी शिकलेत पण ते काम तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात, अशा एकाकडून आज एक गोष्ट विचारून शिका. विचारताना 'काका', 'ताई' म्हणा, आणि मनापासून म्हणा.

३. आठवड्यातले दोन तास शमीसाठी ठेवा. तुमचा विषय, तुमचं वाद्य, तुमची भाषा, जे काही वर बांधून ठेवलंय त्याला हात लावा.

४. एका विश्वासाच्या माणसाला आज 'मस्त' ऐवजी खरं उत्तर द्या.

५. कॅलेंडरवर एक तारीख ठरवा. त्या दिवशी शांतपणे बसून बघायचं की मुदत संपली की नाही. तोवर रोज तोच प्रश्न उगाळत बसायचं नाही.

आणि आजची प्रार्थना, आपल्याच साध्या शब्दांत : पांडुरंगा, जे येतं ते वाया गेलं असं वाटून मी कडवट होऊ देऊ नकोस. आज ज्याचं काम माझ्या हातून होणार आहे, त्याच्यात मला तू दिसू दे. आणि निघायची वेळ झाली की निघायचं धैर्यही तूच दे.

उद्या विराटपर्वातलाच पुढचा प्रसंग घेऊ : विराटाने रागाने फासे फेकून मारले आणि युधिष्ठिराच्या नाकातून रक्त आलं, तो. वाचून या.

राम कृष्ण हरी.